खळग्याच्या तळाशी

आतड्याच्या आतल्या अस्तराइतके झपाट्याने झिजणारे आणि तितक्याच झपाट्याने भरून निघणारे ऊतक सस्तन प्राण्यांच्या शरीरात क्वचितच सापडेल. लहान आतड्यात हे अस्तर बोटांसारख्या बारीक उंचवट्यांनी भरलेले असते आणि त्या उंचवट्यांच्या पायथ्याशी नळीसारखे खोल खळगे असतात. या खळग्यांना क्रिप्ट म्हणतात. मोठ्या आतड्यात उंचवटे नसतात, नुसते खळगे असतात. नवी पेशी खळग्याच्या तळाकडे जन्मते, वर सरकता सरकता आपले काम शिकते आणि वरच्या टोकाला पोचली की गळून मलाबरोबर निघून जाते. उंदराच्या आतड्यात हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांत आटोपतो. माणसाचा हिशेबही फारसा वेगळा नाही. गेल्या आठवड्यातले जेवण ज्या पेशींनी शोषून घेतले, त्यांतल्या बहुतेक आज जागेवर नसतात.

एवढ्या उलाढालीत चुका होणारच. पेशी विभागताना डीएनएची नक्कल काढली जाते, नक्कल काढताना अक्षरे चुकतात आणि चुकलेली पेशी गळून न जाता टिकून राहिली तर गाठ धरू शकते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग २०२० मध्ये जगभरात सुमारे १९ लाख लोकांना नव्याने झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले. हा रोग एका रात्रीत होत नाही. आधी अस्तरावर पॉलिप नावाचा निरुपद्रवी कोंब येतो, तो वाढतो आणि पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांनी त्यातला एखादा आतड्याच्या भिंतीत घुसतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या बर्ट फोगेलस्टाइन यांनी १९८८ ते १९९० या काळात दाखवून दिले की या प्रत्येक पायरीवर ठरावीक जनुके बिघडलेली असतात. बहुतेक रुग्णांत पहिल्या पायरीवरचे बिघडलेले जनुक एकच असते. त्याचे नाव एपीसी. ते १९९१ मध्ये हाती लागले. ज्यांना आई किंवा वडिलांकडून या जनुकाची सदोष प्रत मिळते, त्यांच्या मोठ्या आतड्यात ऐन तारुण्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप उगवतात.

एपीसी बिघडले की गाठ येते हे कळले. पण शाबूत असताना हे जनुक तिथे काय करत होते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रयोगशाळेने मिळवले, तिचा तोवर आतड्याशी काडीचाही संबंध नव्हता.

हान्स क्लेव्हर्स यांचा जन्म १९५७ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे झाला. उट्रेख्त विद्यापीठात त्यांनी जीवशास्त्र आणि वैद्यक हे दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण केले. १९८४ मध्ये ते डॉक्टर झाले, पुढच्याच वर्षी पीएचडी मिळाली. त्यानंतर बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेत कॉक्स टेरहोर्स्ट यांच्या हाताखाली त्यांनी टी-पेशींवर काम केले. टी-पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, शरीराच्या संरक्षणाची मोठी भिस्त त्यांच्यावर असते. उट्रेख्तला परतल्यावर १९९१ मध्ये ते तिथे प्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. साधी रक्तपेशी टी-पेशी कशामुळे बनते, म्हणजे कोणते प्रथिन तिच्या डीएनएवर बसून नेमकी जनुके चालू करते, हा त्यांचा शोधाचा विषय होता. त्याच वर्षी त्यांच्या गटाला असे एक प्रथिन सापडले आणि त्याला टीसीएफ-१ हे नाव मिळाले. टीसीएफ म्हणजे ‘टी-सेल फॅक्टर’.

नाव ठेवण्यात घाई झाली, असे आता म्हणता येते. या प्रथिनाचे भाऊबंद पुढे शरीरभर निघाले आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा निघाला तो आतड्यात.

शिवाय टीसीएफ-१चे वागणे चमत्कारिक होते. ते डीएनएवरची आपली जागा अचूक ओळखायचे, तिथे घट्ट बसायचे, आणि पुढे काहीच घडायचे नाही. जनुक चालू होत नसे. साहजिकच त्याला एखादा जोडीदार लागत असणार. पाच वर्षे गेली आणि जोडीदार सापडला तो बेडकाच्या अंड्यात. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवते, हे आधीपासून माहीत होते. फळमाशीच्या गर्भात तेच प्रथिन ‘विंट’ नावाच्या संदेशमार्गाचा निरोप्या असते, हेही माहीत होते. विंट हे नाव जोडाक्षरासारखे आहे. फळमाशीचे ‘विंगलेस’ जनुक आणि रुल नुसे व हॅरॉल्ड व्हार्मस यांना १९८२ मध्ये उंदराच्या स्तनाच्या गाठीत सापडलेले ‘इंट-१’ जनुक हे एकच निघाले, तेव्हा दोन्ही नावे एकत्र बांधली गेली. बेडकाच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बीटा-कॅटेनिन जास्तीचे घातले तर दुसरी पाठ आणि दुसरे डोके फुटते. उट्रेख्तच्याच ह्युब्रेख्त संस्थेतील सहकाऱ्यांबरोबर क्लेव्हर्स यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले की टीसीएफचा बीटा-कॅटेनिनला धरणारा तुकडा कापून टाकला तर हे दुसरे डोके फुटत नाही. निरोप्या पेशीच्या केंद्रकात शिरून टीसीएफला भेटतो आणि मगच जनुके चालू होतात, असा त्याचा अर्थ. जर्मनीतील वॉल्टर बिर्खमायर यांचा गटही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचला होता.

आता दोन धागे जवळ येऊ लागले. एपीसी प्रथिन बीटा-कॅटेनिनला चिकटते, हे १९९३ मध्येच दिसले होते. फोगेलस्टाइन आणि केनेथ किन्झलर यांच्या गटाशी हातमिळवणी करून क्लेव्हर्स यांनी प्रश्न विचारला: आतड्याच्या कर्करोगपेशींत टीसीएफ कायमचे चालू असते का? हे पाहण्यासाठी त्यांनी जे साधन बनवले ते आजही विंट मार्गावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. काजव्याच्या शरीरात उजेड पाडणारे जे विकर असते, त्याच्या जनुकापुढे टीसीएफची बसायची जागा जोडायची आणि तो तुकडा पेशीत सोडायचा. टीसीएफ चालू असेल तर पेशी उजळतात, नसेल तर अंधार. एपीसी बिघडलेल्या कर्करोगपेशी उजळत राहिल्या. त्यांच्यात शाबूत एपीसी घातले की उजेड मावळला. काही कर्करोगपेशींत एपीसी धडधाकट होते, तरीही उजेड होता. त्यांच्यात बीटा-कॅटेनिनच अशा रीतीने बदललेले निघाले की एपीसीला ते नष्ट करता येईना. या निष्कर्षांचे निबंध मार्च १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये एकाच अंकात आले. एपीसीचे काम एका वाक्यात सांगता येऊ लागले: निरोप नसताना निरोप्याला जिवंत राहू द्यायचे नाही.

नावाजला जातो तो हा प्रयोग. पण या कारकिर्दीला वळण दिले ते पुढच्या वर्षीच्या, त्या मानाने शांतपणे आलेल्या निष्कर्षाने. आतड्यात टीसीएफचा जो भाऊबंद काम करतो त्याचे नाव टीसीएफ-४. क्लेव्हर्स यांच्या गटाने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. पिल्ले जन्मल्यानंतर लवकरच मेली. त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर वरवर ठीक दिसत होते, पण विभागणाऱ्या पेशी ज्या भागात असायला हव्यात तिथे एकही नव्हती. झिजलेले भरून काढणारे कोणी उरले नव्हते. कर्करोगात जे बटण अडकून चालूच राहते, त्याच बटणावर निरोगी आतडे रोज जगते, हे यातून उघड झाले. कर्करोग हा आतड्यावर बाहेरून आलेला हल्ला नाही. खळग्याच्या तळाचा रोजचा कार्यक्रम नको तिथे चालू राहिला की त्याला कर्करोग म्हणायचे. २००२ मध्ये या गटाने कर्करोगपेशींतले टीसीएफ बंद पाडून पाहिले. पेशी विभागायच्या थांबल्या आणि वरच्या, कामाला लागलेल्या पेशींसारख्या दिसू लागल्या. त्याच वर्षी क्लेव्हर्स ह्युब्रेख्त संस्थेचे संचालक झाले आणि त्यांची प्रयोगशाळा पूर्णपणे आतड्याची झाली.

टीसीएफ बंद केल्यावर कोणकोणती जनुके मंदावतात याची एक यादी त्या कामातून हाताशी आली होती. यादी म्हणजे कर्करोगपेशीचा कार्यक्रम आणि तोच खळग्याच्या तळाचाही कार्यक्रम. या यादीतली बरीचशी जनुके खळग्याच्या खालच्या अर्ध्या भागात सगळीकडे चालू असतात. एक मात्र वेगळे निघाले. एलजीआर-५ हे जनुक अगदी तळाशी, पॅनेथ पेशींच्या मधल्या फटींत बसलेल्या काही सडपातळ पेशींतच चालू होते. पॅनेथ पेशी म्हणजे जंतुनाशक द्रव्ये सोडणाऱ्या दाणेदार पेशी. त्या सडपातळ पेशी नव्या नव्हत्या. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातील चेंग आणि शार्ल लब्लाँ यांनी १९७४ मध्येच त्या पाहिल्या होत्या आणि अस्तराच्या बाकी सगळ्या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी त्याच असाव्यात असे सुचवले होते. त्या मताला फारसा पाठिंबा मिळाला नाही. मूळ पेशी मौल्यवान असते, म्हणून ती क्वचितच विभागते आणि जवळजवळ झोपलेली असते, असा त्या काळचा समज होता. मँचेस्टरचे ख्रिस पॉटन तळापासून चौथ्या जागेवरच्या संथ पेशीला मूळ पेशी मानत, आणि अनेक वर्षे तेच मत चालले.

वाद सोडवायला पेशीकडे बघून उपयोग नव्हता, तिची संतती मोजायला हवी होती. ब्रिटिश संशोधक निक बार्कर यांनी क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत असा उंदीर बनवला की ज्याच्या एलजीआर-५ पेशींना एका औषधाने कायमची निळी खूण करता येईल, आणि ती खूण त्यांच्या लेकी-नातींकडेही उतरेल. सुरुवातीला तळाशी एखाददुसरी निळी पेशी दिसली. पाच दिवसांत तळापासून उंचवट्याच्या टोकापर्यंत निळी पट्टी उमटली. साठ दिवसांनंतरही ती तशीच होती. अस्तर तोवर दहा-पंधरा वेळा बदलून गेले असणार, म्हणजे पट्टीच्या तळाशी न मरणारे कोणीतरी बसलेले होते. शिवाय या पेशी साधारण दिवसाला एकदा विभागत होत्या. झोपाळू मूळ पेशीची कल्पना आतड्यापुरती तरी गळून पडली. हा निबंध २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

कर्करोगाच्या दृष्टीने उरलेला प्रश्न सोपा होता. एपीसी एलजीआर-५ पेशीतून काढले तर काय होते आणि तिच्या अल्पायुषी लेकींतून काढले तर काय होते? २००९ मध्ये उत्तर मिळाले. मूळ पेशीत बिघाड केला तर तीन ते पाच आठवड्यांत मोठे पॉलिप तयार झाले. लेकींत केला तर इवल्या गाठी आल्या आणि तिथेच थांबल्या. पेशीला दोन-तीन दिवसांचेच आयुष्य असेल तर बिघाड तिच्याबरोबर वाहून जातो; धोका आहे तो कायम राहणाऱ्यांकडून.

खळग्याच्या तळाशी उंदरात अशा चौदाएक पेशी असतात. २०१० मध्ये प्रत्येक पेशीला वेगळा रंग देणारा उंदीर वापरून त्यांचे राजकारण पाहिले गेले. प्रत्येक पेशी दोन लेकी देते, जागा मात्र ठरावीकच, म्हणून काही जणी योगायोगाने वर ढकलल्या जातात. काही महिन्यांत अख्खा खळगा एकाच रंगाचा होतो, म्हणजे एकाच आजीची सगळी नातवंडे उरतात. यात कोणाचे शौर्य नसते, निव्वळ ढकलाढकली असते. तळाशी टिकायचे तर पॅनेथ पेशीला खेटून राहावे लागते, कारण वाढीचे संदेश तिच्याकडून मिळतात.

याच सुमारास तोशिरो सातो हे जपानी पोटविकारतज्ज्ञ उट्रेख्तला संशोधनासाठी होते. आतड्याची निरोगी पेशी शरीराबाहेर काही दिवसांपलीकडे जगत नाही, असा सगळ्यांचा अनुभव होता. सातो यांनी या पेशीला तळाशी काय काय मिळत असते त्याची यादी केली आणि तेवढेच तिला दिले: विंट मार्ग जोरात चालवणारे आर-स्पाँडिन, वाढीचे एक प्रथिन ईजीएफ, वाढ रोखणारा संदेश अडवणारे नॉगिन, आणि धरून बसायला मऊ जेलीसारखे प्रथिनांचे जाळे. एकच एलजीआर-५ पेशी या मिश्रणात ठेवली तर आधी पोकळ चेंडू तयार होई. मग त्याला कोंब फुटत आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाशी मूळ पेशी व पॅनेथ पेशी जागच्या जागी येऊन बसत. खळगे आणि उंचवटे असलेले हे चिमुकले आतडे कोणीही आखून न देता बनले होते, आणि ते महिनोन्महिने वाढत राहिले. २००९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि ऑर्गनॉइड हा शब्द पेशीशास्त्राच्या रोजच्या बोलण्यात आला. दोन वर्षांत माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या पेशी आणि तिथल्या गाठीही याच पद्धतीने वाढू लागल्या. मूळ पेशी ओळखण्याच्या वादातून निघालेले हे साधन मूळ वादापेक्षा मोठे झाले.

कर्करोगाचा जिना प्रयोगशाळेत एकेक पायरीने चढणे आता शक्य झाले. क्लेव्हर्स यांच्या गटाने २०१५ मध्ये माणसाच्या निरोगी आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये क्रिस्पर या जनुके कापण्याच्या कात्रीने एकामागून एक जनुके बिघडवली. एपीसी काढले की पेशींना आर-स्पाँडिन आणि विंट यांची गरज उरत नाही. केआरएएस बदलले की ईजीएफ लागत नाही. एसएमएडी-४ गेले की नॉगिन नको होते. पी-५३ गेले की पेशीला मरणाचा हुकूम ऐकू येत नाही. खुराकातली एकेक वस्तू काढून घ्यायची आणि कोण तगते ते पाहायचे, एवढ्यावर निवड होई. चारही बिघाड झालेल्या पेशी उंदरात रोवल्या तेव्हा त्या आजूबाजूला घुसणाऱ्या कर्करोगासारख्या वाढल्या. फोगेलस्टाइन यांनी पंचवीस वर्षांपूर्वी रुग्णांच्या गाठी पाहून जी क्रमवारी मांडली होती, ती अशी काचेच्या थाळीत घडवून दाखवता आली. तोवर जपानला परतलेल्या सातो यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच साधले.

त्याच वर्षी वीस रुग्णांच्या गाठींतून वाढवलेल्या ऑर्गनॉइडची जिवंत पेढी तयार झाली. रक्तपेढीत जसे रक्त, तशी इथे गाठ गोठवून ठेवता येते, वाढवता येते आणि तिच्यावर डझनावारी औषधे एकदम तपासता येतात. औषध निवडण्याची ही कल्पना प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत आधी पोचली ती मात्र कर्करोगात नव्हे, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात. या आजारात पेशीच्या पडद्यातला क्षाराचा मार्ग बंद असतो. गुदाशयातून घेतलेल्या चिमूटभर नमुन्याचा ऑर्गनॉइड ठरावीक औषधाने फुगला तर मार्ग उघडला, फुगला नाही तर ते औषध त्या रुग्णाच्या कामाचे नाही. जगात मोजक्याच लोकांत सापडणारा बिघाड ज्यांच्यात आहे, त्यांच्यासाठी मोठ्या चाचण्या होणे शक्य नसते; त्यांना या फुग्याचा आधार झाला.

पुढे प्रयोगशाळेने हे तंत्र इतके दूर नेले की कधी कधी ते खेळासारखे वाटते. २०२० मध्ये तिघा तरुण संशोधकांनी सापाच्या विषग्रंथीचे ऑर्गनॉइड वाढवले आणि त्यांतून खरोखरचे विष पाझरले. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था जिवंत सापाचे विष काढून घोड्यांच्या साहाय्याने प्रतिविष बनवत आल्या आहेत, हे लक्षात घेतले तर हा निव्वळ खेळ नव्हता. त्याच वर्षी रॉटरडॅमच्या विषाणुतज्ज्ञांबरोबर क्लेव्हर्स यांच्या गटाने आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये करोनाचा विषाणू वाढतो हे दाखवले. पण त्या वर्षीचा कर्करोगाच्या दृष्टीने वजनदार निबंध तिसराच आहे. आपल्या पोटात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. असे जिवाणू ऑर्गनॉइडच्या पोकळीत पाच महिने वारंवार टोचले गेले आणि नंतर पेशींच्या डीएनएचे वाचन झाले. त्यात चुकांची एक विशिष्ट मोहोर उमटलेली होती. हजारो रुग्णांच्या गाठींच्या नोंदी चाळल्या तेव्हा तीच मोहोर काहींमध्ये, मुख्यतः मोठ्या आतड्याच्या गाठींत आढळली. जिवाणूने माणसाच्या जनुकांवर केलेली सही इतक्या थेटपणे आधी वाचली गेली नव्हती.

ऑर्गनॉइडला मर्यादा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. त्यात रक्तवाहिन्या नसतात, चेता नसतात, स्नायू नसतात, आणि मुख्य म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी नसतात. ज्यांच्यापासून क्लेव्हर्स यांनी सुरुवात केली त्या टी-पेशी बाहेरून आणून सोडाव्या लागतात.

एलजीआर-५ बद्दलचे चित्रही आधी वाटले तितके सरळ राहिलेले नाही. गाठीतही याच पेशी मुळाशी असतील तर त्या मारल्या की गाठ मरायला हवी. अमेरिकेतील जेनेनटेक कंपनीच्या फ्रेडरिक द सोव्हाज यांच्या गटाने आणि सातो यांच्या गटाने २०१७ मध्ये हे करून पाहिले. एलजीआर-५ पेशी वेचून मारल्यावर गाठीची वाढ थांबली, पण ती नाहीशी झाली नाही. मारणे थांबवताच उरलेल्या साध्या पेशींपैकी काही पुन्हा एलजीआर-५ पेशी बनल्या आणि गाठ वाढू लागली. निरोगी आतड्यातही असेच घडते: तळाची जागा रिकामी झाली तर वर निघालेली लेक माघारी येऊन गादीवर बसते. मूळ पेशी ही जात नसून जागा आहे, या मताकडे क्लेव्हर्स स्वतःही झुकले आहेत. यकृतात पसरलेल्या गाठी मात्र या पेशींवाचून धरेनात, आणि हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोलाचा आहे.

क्लेव्हर्स २०१२ ते २०१५ या काळात डच विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. २०१३ मध्ये ब्रेकथ्रू पारितोषिकाच्या पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव होते. त्यानंतर काही वर्षे त्यांनी उट्रेख्तच्या प्रिन्सेस मॅक्सिमा या मुलांच्या कर्करोग केंद्रात संशोधनाची धुरा वाहिली आणि २०२२ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील रोश या औषध कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख म्हणून गेले.

ज्या बटणाचा शोध १९९७ मध्ये लागला, ते बंद करणारे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अजून बाजारात आलेले नाही. विंट मार्ग अडवणारी जी औषधे रुग्णांवर तपासली गेली त्यांनी हाडे ठिसूळ केली, कारण हाडांचे भरून येणेही याच मार्गावर अवलंबून आहे. आणि आतड्याचे काय होईल ते टीसीएफ-४ नसलेल्या उंदरांनी केव्हाच दाखवले होते. म्हणून आता वाट थोडी वळसा घेते. उट्रेख्तमधल्याच मेरुस कंपनीने रुग्णांच्या ऑर्गनॉइडवर शेकडो दुहेरी प्रतिपिंडे तपासून एक निवडले. त्याचा एक हात एलजीआर-५ला धरतो आणि दुसरा ईजीएफच्या ग्राहकाला. निरोगी आतड्याच्या ऑर्गनॉइडला त्याने फारसा धक्का लावला नाही, गाठींच्या ऑर्गनॉइडची वाढ मात्र रोखली. पेटोसेमटामॅब नावाच्या या औषधाची सर्वांत पुढे गेलेली चाचणी डोके आणि मानेच्या कर्करोगावर चालली आहे.